कापसाचा लाल बोळा
स्पिरिटचा वास आला की आमच्या साखर कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली आठवते. दुष्काळात ऊस उभ्या उभ्या वाळत होता आणि तोडीच्या पाळ्यांची यादी असलेली फ्लॉपी मशीन वाचतच नव्हतं. बाहेर शेतकरी कोयते आपटत शिव्या देत होते. पिसाळलेल्या साहेबांनी म्हाताऱ्या वॉचमनच्या नाकावर बुक्की हाणली, रक्त आलं. “तूच हात लावला मशीनला!” “न्हाय साहेब, म्या निस्तं झाडलं.” मी ड्राइव्ह उघडून आतलं फ्लॉपी वाचणारं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. बोळा लालभडक निघाला. खंडेनवमीला मशीनची पूजा करताना मीच फ्लॉपीच्या फटीवर चिमूटभर कुंकू वाहिलं होतं. यादी पडद्यावर आली. साहेबांनी बोळ्याकडं बघून विचारलं, “ह्याचं रक्त पुसलं का?” मी “व्हय” म्हणालो. पूजेचं ताट त्या म्हाताऱ्यानंच धरलं होतं. तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. अजून बघतोय.