घडीवर विरलेले रंग

लडाखच्या रंगीत डोंगरांची ती दिवसभराची सहल होती. शेवटच्या थांब्यापर्यंत गाडी चढली तेव्हा मला धाप लागली होती. गाइडने हुंगायला कापराची पुरचुंडी दिली. "तू बस, मी फोटो काढून आणतो," म्हणत आमचे हे बाकीच्यांबरोबर उतरले. लग्न झाल्यापासून मला हे डोंगर पाहायचे होते आणि यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "रिटायर झाल्यावर निवांत जाऊ." आता निवांतपणा आला आणि श्वास पुरेनासा झाला.

कापूर मी घरी ठेवणीतल्या साड्यांत घालते. खिडकीतला डोंगर तशाच एका साडीसारखा दिसत होता, फिका जांभळा, त्यात तांबूस पट्टे, पायथ्याशी शेवाळी काठ. त्या साड्याही कधीतरी नेसू म्हणूनच जपल्या. परवा एक उलगडली, तर घडीवर विरलेली. नेसून फाटली असती तर इतकं वाईट वाटलं नसतं.

तेवढ्यात सगळे परतले, गाडी सुरू झाली. यांनी माझ्यासमोर, नेमका खिडकीच्या आड येईल असा, मोबाइल धरला.

"बघ, रंग जरा वाढवलेत. आता कसा मस्त दिसतोय!"

मी त्यांचा हात बाजूला सारीपर्यंत गाडी वळली होती.