घंटी वाजली की बाजूला

आमच्या आलापल्लीकडच्या जंगलात, धावत टपाल नेणाऱ्या डाकवाल्याची घंटी ऐकू आली की वाट सोडायची, ही लहानपणापासूनची शिस्त. मुखरू तर डाकवाल्याचाच पोरगा. सत्तावन्न साली चांद्याच्या मैदानावर तीन मैलांच्या शर्यतीत तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटची फेरी सुरू झाल्याची घंटी मागून घणघणली आणि हा शहाणा चटकन बाजूला झाला! दोघे पुढे निघून गेले. लोक हसले. डोक्यात उजेड पडला तसा मुखरू जीव खाऊन पळाला. एकाला त्याने मागे टाकलं, दुसरा हातभर अंतराने सुटला.

त्याला शर्यतीला नेणारा मी खवळलो, "काऊन थांबला बे?"

धापा टाकत तो म्हणाला, "घंटी वाजली ना, भाऊ. पुढच्या साली वाजली की माझीच समजीन. बाजूला त्यायनं व्हावं."