बिनमापाचा स्वेटर

आमच्या आत्याच्या हातचा स्वेटर अंगात नीट बसलेला माणूस नवेगावबांध गावात मी तरी पाहिला नाही. विणकाम मात्र असं देखणं, की विचारू नका! फक्त बाह्या एकतर बोटं गिळायच्या, नाहीतर कोपरावरच संपायच्या. कारण एकच, आत्या कुणाचं माप घेत नसे. "जित्या माणसाले मी दोरा नाही लावत," म्हणायची. "सैल झाला त वाढशीन, घट्ट झाला त वाळशीन."

तिच्या एकुलत्या एका पोराचं शिंप्यानं शाळेच्या सदऱ्यासाठी माप घेतलं आणि सदरा शिवून येण्याआधी पोरगा तापानं गेला. तेव्हापासून तिचं हे असं. आम्ही शिकलेली पोरं हसायचो. तिच्या तोंडावर नाही, तेवढी हिंमत कोणाच्या बापात नव्हती.

एका हिवाळ्यात गावचे जुने जमीनदार, मालगुजार, आमच्या दारी आले. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, पण ऐट कोण काढून घेणार? जंगलबंगल्यातला गोरा साहेब देश सोडताना आपला कुत्रा मागे टाकून गेला होता, तो यांनी मानाची वस्तू म्हणून सांभाळला. काय ते ध्यान! लांबीला बाकडं, छाती नगाऱ्याएवढी, कंबर मुठीत मावेल अशी आणि पाय जेमतेम चार बोटं उंच.

"आत्याबाई, टायगरले थंडी वाजून राहिली," मालगुजार म्हणाले आणि नागपूरहून आणलेली लाल लोकर पुढे ठेवली.

कुत्र्याला उचलून आणणारा गडी उघड्या अंगानं कुडकुडत होता. "अन् याले का उन्हाळा लागून राहिला?" आत्यानं विचारलं. मालगुजारांना एकदम खोकला आला.

मग आत्यानं चक्क दोरा काढला. गळा, छाती, कंबर, पाठ, सगळं मोजून दोऱ्यात गाठी मारल्या. मी थक्क! "आत्या, हे कसं चालते?"

"काऊन? कुत्रा का माणूस हाय?"

छातीशी टाके वाढवले, कमरेशी एकेक करत घटवले, पायांना चार भोकं ठेवली, पोटाखालचा भाग त्याच्या सोयीसाठी उघडा सोडला. स्वेटर असा बसला की टायगर तो घालूनच जन्मला असावा. गावात अंगाबरोबर कपडा असलेला तो एकटाच. उरलेल्या लोकरीचा आत्यानं गड्याला स्वेटर केला. तो अर्थातच त्याला बसला नाही, पण थंडीभर त्यानं काढला नाही.

पुढे मी नागपूरला कॉलेजात निघालो. शहरात हसं नको, म्हणून तिच्या पायाच पडलो. "आत्या, मले एकडाव कुत्रा समज, पण माप घे!"

आत्या हसली नाही. "कुत्र्याचं काही झालं त मालगुजार दुसरा आणते. तुले काही झालं त मी कोठून आणू?"

मला गुडघ्याला टेकणारा स्वेटर मिळाला. हॉस्टेलात पोरांनी त्याला झगा नाव ठेवलं. चारही हिवाळे मी तोच घातला.

आत्या गेली त्या दिवशीही तोच अंगात होता. तिरडीचा बांबू तोडायला तिचं माप हवं होतं. कोणीतरी माझ्या हातात दोरा दिला. मला रडू आवरेना. दोरा मी तसाच खिशात टाकला आणि म्हटलं, "अंदाजानंच तोडा."

बांबू हातभर लांब झाला. कोणी कोयता उचलला, तसा मी त्याचा हात धरला.

"राहू दे," म्हटलं. "वाढन आत्या."