मास्तरांनी ट्रायल घेतली नाही

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुणाला कोट दिला नाही. नवरदेव तापाने फणफणलेला असो, ट्रायलला यायचं म्हणजे यायचं. असा चिकित्सक माणूस टॅबलेट घ्यायला निघाल्यावर दुकानातल्यांची काय गत झाली असेल, ते सांगायला नको.

टॅबलेट हवा होता बायकोसाठी. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. ऑपरेशनच्या आधल्या आठवड्यात लेकीने जुन्या टॅबलेटवर एक ॲप टाकून आईकडून तीनशे वाक्यं बोलून घेतली होती. हव्या त्या वाक्याच्या चित्रावर बोट ठेवलं की बाई आपल्याच आवाजात बोलत. "चहा निवतोय." "चष्मा कपाळावर आहे, घरभर कशाला शोधताय?" ऑपरेशन होऊनही बोलणी खाणं काही चुकलं नव्हतं, आणि मास्तर त्यातच खूश होते. पण आता त्या टॅबलेटची काच तडकली होती आणि चार्जिंग तासभरही टिकत नव्हतं.

दोन आठवडे मास्तर दुकानात खेटे घालत होते. तीन वेगवेगळ्या सिस्टीमचे टॅबलेट त्यांनी खिशातल्या टेपने मोजले, एका हातावर तोलून पाहिले. एका सिस्टीममध्ये सगळं नीटनेटकं, पण आपल्या मनासारखं फारसं बदलता येत नाही. दुसरीत हवं ते हवं तिथे मांडा, पण नको त्या सूचना सारख्या डोकं वर काढतात. जुना टॅबलेट याच जातीचा. तिसरी म्हणजे निम्मा कॉम्प्युटरच, आणि वजनाला भारी.

"काका, वापरणार कोण?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"आमची ही."

"मग त्यांना एकदा घेऊन या ना. हातात धरून बघतील."

"नको, तिला चकित करायचंय."

मास्तरांनी नीटनेटका पसंत केला. जुना बदल्यात द्यायचा होता.

"आतलं सगळं नव्यावर घेतलंत ना?" मुलीने विचारलं. फोटो घेतले होते, फोन नंबर घेतले होते. मास्तर छातीठोकपणे हो म्हणाले. मग तिने दाखवल्याप्रमाणे जुना टॅबलेट त्यांनी स्वतःच्या बोटाने कोरा केला. नक्की का, असं मशीनने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी हो दाबलं.

घरी बाईंनी नवा टॅबलेट उघडला. आधी फोटो पाहिले, मग आपलं ॲप शोधू लागल्या. एक पान सरकवलं, दुसरं सरकवलं, नाव टाकून पाहिलं. मास्तरांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, ते ॲप या सिस्टीमवर नाहीच. आणि आवाज त्या जुन्या टॅबलेटमध्येच होते. कुठंय तो?"

पायात चप्पल न घालताच मास्तर दुकानात धावले. मुलीने जुना टॅबलेट कपाटातून काढून चालू केला. पडद्यावर भाषा निवडा, एवढंच आलं.

"परत नाही येणार, काका," ती हळूच म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात म्हणून..."

मास्तर काउंटरला धरून उभे राहिले. आयुष्यभर परक्यांची मापं तीनतीनदा घेतली, आणि घरच्या माणसाला एकदा विचारलं नाही. ही चूक उसवून पुन्हा शिवता येण्यासारखी नव्हती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. रडली नाही, रागावलीही नाही. टॅबलेट उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मास्तर बाहेर बसून राहिले. मग आतून कुणा अनोळखी तरुण बाईचा आवाज आला. स्वच्छ, सपाट, बातम्या वाचतात तसा.

"अहो."

मास्तर दचकले. आत दुसरं कोण आलं, असंच त्यांना आधी वाटलं. लिहिलेलं वाचून दाखवायची सोय या टॅबलेटमध्ये आहे, असं दुकानातली मुलगी म्हणाली होती खरी. पण पाय उचलेनात. चाळीस वर्षांत या हाकेला त्यांनी ओ दिली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आत बोटांची टकटक झाली.

"अहो, मीच आहे," ती परकी बाई म्हणाली.