तोंडात वांगं असताना

आमच्या घराण्यात कुठलंही लग्न असो, पंगतीत माझं ताट पाहून कुणीतरी म्हणतंच, "पाहा कशी वांगं खाऊन राहिली! काटोलच्या धाकानं सुधारली." ऐकलं की माझं डोकं फिरतं. धाकानं कुणाला भूक लागत नाही. मला जेवायला शिकवलं माझ्या आईनं, भागीरथानं. त्यासाठी तिनं जे केलं ते सांगायची या लोकांना आजही लाज वाटते, म्हणून काटोलचं नाव पुढे करतात.

सन एकाहत्तर. इतवारीत खाली आमचं भांड्यांचं दुकान, वर घर. मी सात वर्षांची, आणि दूधपोळीशिवाय कशालाही तोंड लावत नव्हते. माझी काकू वच्छला, जिला आम्ही मोठी आई म्हणायचो, माझं नाक दाबून अंबाडीची भाजी कोंबायची. मी ती तिच्याच पदरावर ओकायची. आईनं एकदा वांगं कुस्करून कणकेत लपवलं, तर मी महिनाभर पोळीही उलटून-पालटून तपासली. शेवटी घरचे कर्ते, माझे मोठे बाबा गोपाळराव, यांनी निकाल दिला: दसऱ्यापर्यंत पोरीनं चार भाज्या खाव्यात, नाहीतर तिची काटोलला पंचफुलाआत्याकडे रवानगी. शाळाही तिकडेच. आत्याचा हात फार चालायचा. माझे बाबा, शालिकराम, भावासमोर भिंतीकडे पाहत बसले. भिंत त्यांना फार आवडायची.

आई थोरल्या दिरांशी बोलत नसे. रीतच होती तशी. सुनेनं काय ते लेकराकडे पाहून बोलायचं आणि लेकरानं पोचवायचं. त्या दिवशी तिनं काहीच पोचवायला दिलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी चोरून मागच्या खोलीत डोकावले. पुरुषांची जेवणं आटोपली होती. आई भाकर आणि झुणका घेऊन बसली होती आणि ठेच्याचं बोट मजेत चाटत होती. मी जवळ गेले आणि हात पुढे केला.

आई चमकली. आमच्याकडे लेकरं आधी जेवत, मग पुरुष, आणि बायका सगळ्यांत शेवटी, आत, कुणाच्या नजरेला न पडता. मी जन्मात कुणाला चवीनं जेवताना पाहिलंच नव्हतं. पाहिली होती ती डोक्यावर उभं राहून "खा, खा" ओरडणारी माणसं.

दुसऱ्या सकाळी नऊला आईनं माझ्या ताटाशेजारी आपलं ताट मांडलं.

"माणसं उपाशी, अन् तू जेवून राहिली?" मोठी आई कडाडली. "लाज नाही वाटत वं तुले?"

"भूक लागली, बाई," आई म्हणाली आणि घास घेतला.

मग रोज तेच. माझ्या ताटाच्या कडेला ती चिमूटभर काहीतरी ठेवायची आणि 'खा' हा शब्द काढायची नाही. मी हुंगायची, चाटायची, थुंकायची. ती थुंकू द्यायची. चवळी मी सात वेळा थुंकली. गल्लीभर बोभाटा झाला. आई घाबरत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण ती ताटावरून उठली नाही.

दसऱ्यापर्यंत झुणका, अंबाडी आणि चवळी, तीनच झाल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेवत असताना मोठे बाबा दारात आले. मागे मोठी आई माझी पिशवी घेऊन.

"सांग तुह्या मायले," ते मला म्हणाले, "चार भाज्या काही झाल्या नाही. काटोलची गाडी अकराची आहे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "सांग त्याइले," ती म्हणाली, आणि थांबली.

मी सांगू शकत नव्हते. माझं तोंड वांग्यानं भरलेलं होतं. आपल्याच हातानं घेतलं होतं मी ते, आईच्या ताटातून, आणि थुंकत नव्हते.

आईनं मान वर केली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. थोरल्या दिरांशी ती पहिल्यांदाच बोलली.

"पोरगी जेवून राहिली. ते कुठी जात नाही. तुमाले भूक लागली असन, तं बसा बाजूले."

मोठे बाबा उभेच राहिले. मग न जेवताच खाली दुकानात निघून गेले. मी वांगं गिळलं आणि अजून एक मागितलं.