थोरल्याच्या बिल्ल्यावर

मुंबईत एका गिरणीच्या फाटकापाशी वर्षातून एकदा, ठरावीक तारखेला, माणसं जमत. त्या दिवशी तिथल्या कापसाच्या खात्यात आग लागून कामगार गेले होते. ती तारीख मी इथे लिहीत नाही. शहराला आठवायची तर आठवेल, माझ्या तोंडून ती निघत नाही.

मिठाच्या सत्याग्रहाच्या दोन-चार वर्षं आधीची ही गोष्ट. रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर आमचं घर. वडील आधीच गेलेले. घरात आई, थोरला भाऊ, वहिनी, धाकटा भाऊ आणि मी. थोरला त्या गिरणीत कामाला होता. भातकापणीला तो घरी यायचा आणि तेवढे दिवस त्याची जागा धरायला धाकटा बोटीनं मुंबईला जायचा. जागा धरायची म्हणजे थोरल्याचा पितळी बिल्ला खिशात घालायचा आणि फाटकावर थोरल्याचं नाव पुकारलं की आपण ओ द्यायची. आमच्याकडचे बरेच जण अशीच बदली करत. तिथल्या मुकादमाला सगळं ठाऊक असे, पण तो काणाडोळा करी. धाकट्याला गिरणी मुळीच आवडत नव्हती. तरी त्या वर्षी निघताना वहिनीला म्हणाला, आता महिनाभर मीच दादा, माझ्याशी अदबीनं वागायचं.

आग लागली त्या दिवशी आम्ही खळ्यात भात झोडत होतो. त्याचाच मला अजून संताप येतो. कुणाच्या पोटात कालवलं नाही, कुणाला साधी ठेच लागली नाही. थोरला घसरून पेंढ्यात पडला म्हणून आई तर कधी नव्हे इतकी हसली. आईच्या काळजाला आधी कळतं म्हणतात. काही कळत नाही.

दोन दिवसांनी बोट लागली. शेजारच्या वाडीतला एकजण तिच्यातून उतरला. तो दुसऱ्या गिरणीत होता. निघण्याआधी थोरल्याच्या गिरणीच्या फाटकावर त्यानं गेलेल्यांची नावं ऐकली होती आणि त्यांत थोरल्याचं नाव होतं. बदलीचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. घरीसुद्धा न जाता बिचारा तडक आमच्याकडे आला, तर अंगणाच्या दगडी गडग्याच्या आत थोरला पेंढ्या रचत उभा. तो मटकन खालीच बसला. थोरल्यानंच त्याला पाणी आणून दिलं. मग अडखळत त्यानं सांगितलं, की आगीत तू गेलास म्हणून तुझं नाव पुकारलं.

थोरला खो खो हसला. वहिनीला हाक मारून म्हणाला, "गो, मेलेल्या मानसाच्या हातचा पानी प्याला ह्यो. आता चाय तरी दे त्याला." वहिनी हसली, मीही हसले. आता तुमचं आयुष्य वाढलं, असं शेजारीण गडग्यापलीकडून म्हणाली.

आई हसली नाही. हातातलं सूप खाली ठेवून ती थोरल्याकडे बघत राहिली.

"मग तुज्या जाग्यावर कोण व्हता रे?"

त्यानंतरचं मला लिहवत नाही. वहिनी आक्रोश करत होती, थोरला कपाळ बडवून घेत होता. आई मात्र रडली नाही.

मुंबईतल्या खोलीवरच्या गाववाल्यांनी धाकट्याचं सगळं तिकडेच उरकलं होतं. नाव दुरुस्त करून घ्यायला थोरला मुंबईला गेला. मुकादमानं त्याला सुनावलं, की तोंड उघडलंस तर बदलीवर येणाऱ्या तुझ्याच वाडीतल्या पोरांची कामं जातील. थोरला गप्प बसला. गिरणीच्या लेखी थोरला मेला होता, आणि धाकटा तिथे कधी नव्हताच. घरी येऊन आईला मात्र त्यानं सांगितलं, की नाव दुरुस्त झालं. आईचं एकच मागणं होतं: माझ्या पोराला त्याच्या स्वतःच्या नावानं मरू द्या.

पुढे दरवर्षी त्या तारखेला थोरला फाटकावर जाई. परतला की आई विचारी, नाव घेतलं का? तो हो म्हणे आणि विहिरीकडे निघून जाई.

एका वर्षी मी त्याच्याबरोबर गेले. कुणीतरी उंचावर उभं राहून नावं वाचली. थोरल्याचं नाव आलं तेव्हा तो माझ्या शेजारी मान खाली घालून स्वतःचंच नाव ऐकत होता. धाकट्याचं नाव आलं नाही. मला ओरडावंसं वाटलं, तर थोरल्यानं माझा हात दाबून धरला.

घरी आलो तेव्हा आईनं त्याला काही विचारलं नाही. इतकी वर्षं तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तिनं मला जवळ बसवून घेतलं.

"तू खोटा बोलनार नाय. घेतलानी त्याचं नाव?"

"घेतलानी," मी म्हटलं.

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. सगळ्यांनी ऐकलं."

तेव्हा आई धाकट्याचं नाव घेऊन रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, हंबरडा फोडून. थोरला दारात उभा होता. आत यायचा त्याला धीर झाला नाही.