कोपराची उंची

अंबडच्या शेडमध्ये ऑर्डरप्रमाणे लाकूड कातायच्या लेथ बनवणारा हा माणूस गिऱ्हाइकाच्या कोपराची उंची मोजल्याशिवाय लोखंड कापत नाही. बोलतो कमी, मोजतो दोनदा. माझी जुनी लेथ त्यानेच कितीदा दुरुस्त केली, म्हणजे कातकाम मी करते हे त्याला पक्कं ठाऊक. तरी नव्या लेथसाठी मी आत मोटर निवडत असताना त्याने टेप लावला तो मला गाडीने सोडायला आलेल्या माझ्या नवऱ्याच्या कोपराला! मशीन तयार झालं, तर हत्यार टेकवायची पट्टी, जी कोपराशी हवी, ती थेट माझ्या छातीशी.

“ताई, पायाखाली पाट घ्या की.”

“फिरत्या लाकडापुढे पाटावर उभी राहू? मशीनचे पाय कापा.”

त्याने पाय कापले आणि माझ्या डोक्यावरून, मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारलं, “साहेब, आता बरोबर?”